पोटाच्या ऑपरेशनवरच्या अभ्यासात नाव देताना: पात्रता, कागदपत्रं आणि संमतीपत्र

पित्ताशयातले खडे, हर्निया नाहीतर अपेंडिक्सचं ऑपरेशन ठरलं की कधी कधी वॉर्डात एक तरुण डॉक्टर फाइल घेऊन येतात. "आमचा एक अभ्यास चालू आहे, तुमचं नाव घालू का?" मेडिकल कॉलेजात सर्जरीत एमएस करणाऱ्याला प्रबंध लिहावाच लागतो. औषध कंपन्यांच्या चाचण्या त्याहून वेगळ्या. धुळं असो की जळगाव, नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे आमच्यावर प्रयोग?"

एका अर्थानं हो. पण सर्जरीतले बरेचसे अभ्यास वापरात असलेल्या दोन पद्धतींची तुलना करतात. पित्ताशय काढल्यावर पोटात नळी ठेवावी की नाही, असे प्रश्न असतात. फिनलंडमध्ये अपेंडिक्सच्या ५३० रुग्णांवर असाच अभ्यास झाला. निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना नुसती अँटिबायोटिक्स दिली. औषधवाल्यांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांना ५ वर्षांत अपेंडिक्सनं पुन्हा गाठलं, म्हणजे उरलेल्यांचं औषधावर भागलं. तुमच्या वाट्याला कोणती पद्धत येणार हे मात्र बंद पाकिटातली चिठ्ठी नाहीतर कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टर नाही. ते पटत नसेल तर तिथंच नाही म्हणा.

कोणाला घेतात

वय साधारण १८ पूर्ण. मूल ७ वर्षांपुढचं असेल तर आई-बापाच्या सहीबरोबर त्याचाही होकार लागतो. बाकी निकष प्रत्येक अभ्यासाचे वेगळे. गरोदरपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पोटाचं आधीचं ऑपरेशन, दुसऱ्या अभ्यासात चालू असलेला सहभाग, यांवरून बरीच नावं गळतात. नंदुरबारकडच्यांनी एक गोष्ट आपणहून सांगावी: सिकलसेल. या आजारात लाल पेशी लवकर फुटतात, त्यामुळे पित्ताशयात खडे होतात, तेही कमी वयात. खड्यांवरच्या अभ्यासात ही माहिती दडली तर निष्कर्षही चुकतो आणि भूल देतानाचा धोकाही वाढतो. नाव गळलं तर तुमचं ऑपरेशन थांबत नाही, नेहमीसारखंच होतं.

काय न्यावं

ओळखपत्र, केस पेपर, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट. चालू गोळ्यांची नावं पाठ सांगत बसू नका, पट्ट्याच पिशवीत घालून न्या. रेशन कार्ड महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी लागतं, अभ्यासासाठी नाही. औषधाच्या चाचणीच्या संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न हे रकाने असतात खरे, पण तिथं आकडा लिहायचा असतो. त्यासाठी तहसीलला हेलपाटा नको.

वारसाचं नाव, पत्ता आणि नातं हा रकाना मात्र कधीच कोरा सोडू नका. आमच्या नात्यातल्या एकाच्या फॉर्मवर तो कोराच होता, "नंतर भरू" म्हणून. मी हटकल्यावर भरला. २०१९ च्या नवीन औषधं व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि मृत्यू झाल्यास भरपाई वारसाला जाते. भरपाईचं सूत्र ८ लाखांच्या मूळ रकमेवर वय आणि आजाराची जोखीम धरून चालतं.

सहीची जागा

आधी माहितीपत्रक मागा, तेही आपल्याला कळेल अशा भाषेत. घरी नेऊन वाचायला हरकत नसते. छापील मराठी कळतेच असं नाही. एका मावशींना "आतड्याची हालचाल पूर्ववत होणे" हे तीनदा वाचून दाखवलं, त्या नुसत्या मान हलवत होत्या. शेवटी मी अहिराणीत म्हटलं, "मावशी, वारा सरना का, हाईच रोज इचारतीन." म्हणजे गॅस सुटला का, हेच रोज विचारतील. मग हसल्या आणि त्यांनीच चार प्रश्न विचारले. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या, फक्त पावरी किंवा भिली बोलणाऱ्या माणसाला तर दुभाषी हवाच. वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर पाहिजे आणि त्याचीही सही हवी. त्याच वॉर्डातल्या सिस्टरांना उभं करून भागत नाही.

पत्रकावर दोन फोन नंबर शोधा: अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांचा आणि अभ्यास तपासून परवानगी देणाऱ्या नीतिशास्त्र समितीचा. या समितीत किमान ७ जण असतात. त्यांत एक कायद्याचा जाणकार, एक स्त्री सदस्य आणि एक सामान्य माणूस लागतोच, आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. तक्रार तिथं करायची. "सीटीआरआय" ने सुरू होणारा क्रमांकही विचारा. ही भारतातल्या अशा अभ्यासांची नोंदवही, आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची. ती २००७ पासून आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद व्हावी लागते. नोंदवहीच्या वेबसाइटवर क्रमांक टाकला की मोबाइलवर अभ्यासाचा तपशील दिसतो.

सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुमच्याकडे हवी. मधेच बाहेर पडता येतं, कारण सांगावं लागत नाही आणि उपचारही थांबत नाहीत. अभ्यासासाठीच्या जादा तपासण्यांचे पैसे तुम्ही द्यायचे नसतात. प्रवासखर्च मिळणार असेल तर ते पत्रकात लिहिलेलं असतं, म्हणून एसटीचं तिकीट जपून ठेवा.

काही अभ्यासांत घरी गेल्यावर खाण्याची डायरी भरायला देतात: किती वाजता, काय, किती, नंतर पोट दुखलं का. तिथं शेवभाजी खाल्ली असेल तर "हलका आहार" लिहू नका. शेवभाजीच लिहा, तर्रीसकट.