अतिदक्षता विभागातील क्लिनिकल फार्मासिस्ट

आयसीयूत डॉक्टरांबरोबर राउंडला जाऊन प्रत्येक रुग्णाची औषधे तपासणारा औषधतज्ज्ञ म्हणजे क्लिनिकल फार्मासिस्ट. काउंटरवरच्या फार्मासिस्टपुढे फक्त चिठ्ठी येते. याच्यापुढे रुग्ण, औषधांचा तक्ता आणि त्या सकाळचे रक्ताचे रिपोर्ट असतात.

आयसीयूतले औषधांचे बिल फुगते ते केवळ महागड्या औषधांमुळे नाही. सुरू केलेले औषध बंद करायचे राहून जाते, हेही मोठे कारण आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून पॅन्टोप्राझोलचे इंजेक्शन देतात. व्हेंटिलेटर निघाला, रुग्ण जेवू लागला की बहुतेकदा त्याची गरज संपते. तक्त्यावर मात्र ते तसेच पुढे चालत राहते. लिनेझोलिड हे प्रतिजैविक तोंडावाटे दिले तरी जवळजवळ सगळे रक्तात पोचते. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल आणि पोट नीट चालत असेल, तर सलाइनच्या बाटलीऐवजी गोळी चालते, आणि गोळी कितीतरी स्वस्त पडते.

मात्र हे काम म्हणजे काटकसर नव्हे. मेरोपेनेम हे प्रतिजैविक मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. रक्तातले क्रिएटिनिन वाढले, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले, की मेरोपेनेमचा डोस कमी करावा लागतो, नाहीतर झटके (फिट) येण्याचा धोका असतो. मूत्रपिंड सुधारले की डोस वाढवायलाही फार्मासिस्टनेच सुचवायचे असते. त्या दिवशी बिल वाढते, आणि ते वाढलेच पाहिजे.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. फार्मासिस्ट राउंडला येऊ लागल्यावर औषध लिहितानाच्या चुकांमुळे होणारे, टाळता येण्याजोगे अपाय दर १,००० रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल म्हणजे एक रुग्णदिवस) १०.४ वरून ३.५ वर आले. औषधे लिहिण्याबाबतच्या त्यांच्या ९९ टक्के सूचना डॉक्टरांनी मान्य केल्या. वर्षाला सुमारे २,७०,००० डॉलर वाचतील असा अंदाज निघाला, तोही टळलेल्या अपायांच्या हिशेबावर.

भारतात फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे क्लिनिकल फार्मासिस्टची निकड मोठी आहे, कारण अनेक घरांत औषधांचा खर्च खिशातून होतो. अनेक रुग्णालयांत सिस्टर चिठ्ठी देतात आणि नातेवाईक खाली मेडिकलमधून इंजेक्शने आणतात. न फोडलेल्या व्हायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) पुष्कळदा परत घेतल्या जातात, पण त्यासाठी औषध बंद झाल्याचे नातेवाइकांना वेळेवर कळावे लागते. फार्मासिस्टचे म्हणणे सकाळच्या राउंडलाच ऐकले गेले, तर ती चिठ्ठी लिहिलीच जात नाही.