वन्यजीव-तस्करीविरोधी तंत्रसाधने (मुंबई)

वन्य प्राणी, त्यांचे अवयव, इमारती लाकूड, वाळू यांचा चोरटा व्यापार हुडकण्यासाठी आणि पकडलेला माल नेमका कशाचा, हे न्यायालयात सिद्ध करण्यासाठी वापरली जाणारी उपकरणे व परीक्षणपद्धती. सामानाचे क्ष-किरण यंत्र, कंटेनर स्कॅनर, शोधश्वान ही हुडकण्याची साधने परिचित आहेत (श्वानाला साधन म्हणावे का, हा प्रश्न वेगळा). येथे भर ओळखीवर आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खालील शिक्षा प्राणी कोणत्या अनुसूचीत येतो यावर ठरते. जातीचे नाव चुकले की खटला तिथेच लंगडा पडतो.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचे पक्षी, सहार विमानतळावर बॅगेत दडवून आणलेले परदेशी सरपटणारे प्राणी आणि न्हावा शेवा बंदरातून बाहेर पाठवले जाणारे रक्तचंदन हे तीन ठळक प्रकार. परदेशी जातींबाबत पूर्वी मुख्यतः सीमाशुल्क अधिनियम, १९६२ चाच आधार होता; वन्यजीव अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स करारातील (वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा करार) जातींसाठी चौथी अनुसूची आली.

मांस किंवा वाळवलेला तुकडा हाती आला की रूपलक्षणे उरत नाहीत; तिथे डीएनए लागतो. डीएनएवरून जात ओळखण्याच्या या तंत्राचे जनकत्व कोणाकडे, याविषयी एकवाक्यता नाही. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हिबर्ट व सहकारी यांनी २००३ मध्ये मायटोकाँड्रियातील (पेशीत ऊर्जा बनवणारे, स्वतःचा डीएनए असलेले कण) सीओआय या जनुकाचा सुमारे ६५० बेस-जोड्यांचा (डीएनएच्या साखळीतील एककांचा) भाग ‘बारकोड’ म्हणून सुचवला. बहुतेक लेखन तिथूनच सुरू होते. त्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) या संस्थेतील सुनील कुमार वर्मा व लालजी सिंग यांनी मायटोकाँड्रियातीलच सायटोक्रोम-बी जनुकाचा ४७२ बेस-जोड्यांचा तुकडा वाढवणारी (त्याच्या असंख्य प्रती काढणारी) सार्वत्रिक प्रायमरांची, म्हणजे प्रत काढण्याची सुरुवात करून देणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्यांची, जोडी प्रसिद्ध केली. तिचा हेतू थेट न्यायसहायक होता. तथापि १९९२ च्या सुमारास बार्टलेट व डेव्हिडसन यांनी अन्नपदार्थ कोणत्या प्राण्याचा हे ठरवण्यासाठी सायटोक्रोम-बीचाच क्रम वापरला होता. त्यामुळे २००३ ला शोधाचे नव्हे, प्रमाणीकरणाचे वर्ष म्हणणे अधिक सुरक्षित. भारतीय खटल्यांच्या दृष्टीने हैदराबादच्या पद्धतीला झुकते माप द्यावे लागते. दोन्हींची मर्यादा एकच : मायटोकाँड्रिया आईकडूनच येतात, म्हणून संकर असल्यास बापाची जात कळत नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये शिवडी व वेरावळ (गुजरात) येथून मिळून सुमारे ८,००० किग्रॅ. मुशीचे (शार्कचे) पर महसूल गुप्तचर संचालनालयाने जप्त केले. पर कोणत्याही मुशीचे असोत, त्यांच्या निर्यातीवर २०१५ पासून बंदी आहे. म्हणजे निर्यातीच्या गुन्ह्याला जात सिद्ध करावी लागत नाही, वन्यजीव अधिनियम लावायचा तर लागते.

एकोणिसाव्या शतकात मुंबई ही पूर्व आफ्रिकेतील हस्तिदंताची मोठी पेठ होती, म्हणून जुन्या घरांतील दंताचे वय हा इथला खास प्रश्न. दंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषा (श्रेगर रेषा) दिसतात. बाहेरच्या कडेजवळ त्यांचा कोन ११५ अंशांहून मोठा असल्यास दंत हत्तीचा, ९० हून लहान असल्यास मॅमथचा. कोन या दोहोंच्या मध्ये असल्यास निर्णय देऊ नये. वयासाठी किरणोत्सर्गी कार्बन पाहतात. १९५० ते १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांनी हवेतील कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केला, त्याची खूण नंतर वाढलेल्या दंतात राहते. मात्र यातून कळते ते दंताचा तो थर कधी बनला एवढेच. हस्तिदंती बांगडी सुळ्याच्या कोणत्या भागातून कापली ते ठाऊक नसल्याने हत्ती कधी मेला हे तिच्यावरून सांगता येत नाही.

‘हत्ताजोडी’ ही शेंदूर माखून डबीत ठेवलेली, जोडलेल्या पंजांसारखी काळी वस्तू दुर्मीळ मुळी म्हणून ऑनलाइन विकली जाते. ती प्रत्यक्षात घोरपडीच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय असते, हे २०१७ मध्ये उघड झाले. काही नमुने निव्वळ प्लॅस्टिकचे ओतीव निघाले.

रक्तचंदनाचा लाल रंग पाण्यात फारसा उतरत नाही, अल्कोहोलमध्ये उतरतो. ही परीक्षा सोपी असली तरी त्याच प्रजातीतील (जीनसमधील) आफ्रिकी पडौक या झाडाच्या लाकडातही तोच रंगद्रव्याचा गट असल्याने पुरेशी नाही.

वाळूला डीएनए नसतो. खाणपट्ट्याभोवतीच्या ५०० मीटरवर उपग्रहाने नजर ठेवणारी केंद्राची प्रणाली (२०१६) मुळात प्रमुख खनिजांसाठी आहे, आणि वाळू गौण खनिजांत मोडते. खाडीत सक्शन पंपाने काढलेली वाळू एकदा डंपरमध्ये पडली की वाहतूक परवान्यावरची वेळ, त्यावर लिहिलेले ब्रास (वाळूचे माप) आणि गाडीच्या जीपीएसचा माग यांचा मेळ घालणे हाच मुख्य आधार उरतो.