देवाने बुद्धी दिली की बुद्धी फिरवली?

होमरच्या ‘इलियड’ या ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्यात देव पावलोपावली मध्ये पडतात, म्हणून होमरची माणसं देवांच्या हातातली बाहुली आहेत, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. देवाने सल्ला देणं वेगळं आणि देवाने बुद्धी फिरवणं वेगळं. गंमत म्हणजे या दोन्हींची उदाहरणं एकाच भांडणातली आहेत.

पहिल्या सर्गात ग्रीकांचा सेनापती राजा अगामेम्नॉन, त्यांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस याच्या वाट्याला आलेली बंदिवान स्त्री ब्रिसेइस हिला हिसकावून नेण्याची धमकी देतो. अकिलीसची तलवार अर्धी म्यानाबाहेर येते, तेवढ्यात देवी अथेना मागून येऊन त्याचे केस धरते. ती फक्त त्यालाच दिसते. आता देवतेने थेट केसच धरले म्हटल्यावर सक्तीच झाली, असं वाटेल. पण ती बोलते काय ते पाहा. ‘तुझा राग आवरायला आले आहे, ऐकणार असशील तर.’ शिवाय, आज धीर धरलास तर तिप्पट भेटी मिळतील, असं आमिषही दाखवते. ज्याच्यापुढे पर्यायच नाही, त्याला कुणी आमिष दाखवत बसत नाही. अकिलीस विचार करतो, देवांचं ऐकलेलं बरं असं ठरवतो आणि तलवार म्यानात ढकलतो. तिने फक्त तलवार आवरायला सांगितलेलं असतं. युद्धातून अंग काढून घेणं हे त्याचं स्वतःचं.

अगामेम्नॉनची गोष्ट वेगळी. अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याचा युद्धात बळी गेल्यावर, 19व्या सर्गात, तो सगळ्यांसमोर म्हणतो की ब्रिसेइसला नेलं यात दोष माझा नाही. देवांचा राजा झ्यूस, नियती आणि सूडदेवता एरिनीस यांनी माझ्या मनात ‘आते’, म्हणजे बुद्धिभ्रंश, घातला. हीच आते देवता म्हणूनही येते: झ्यूसची थोरली मुलगी, माणसांच्या डोक्यांवरून अलगद पावलांनी चालणारी, भल्याभल्यांची मती गुंग करणारी. पण पहिल्या सर्गात ही आते कवीने कुठेच दाखवलेली नाही. तिथे दिसतो तो फक्त एका राजाचा संताप. अथेना प्रसंग घडताना येते, आते मात्र मागाहून, करणाऱ्याच्याच तोंडून कळते.

मग ही निव्वळ सबब का? तसंही नाही. अकिलीससुद्धा हे म्हणणं मान्य करतो. आणि मुख्य म्हणजे अगामेम्नॉन त्याच दमात म्हणतो: झ्यूसने माझी बुद्धी हिरावली, म्हणून मी भरपाई देतो. सात तिवया, वीस कढया, बारा घोडे, दहा टॅलेंट (वजनाचं जुनं माप) सोनं, सात स्त्रिया आणि ब्रिसेइस, सगळं खरोखर आणून ठेवलं जातं. बुद्धी देवाने फिरवली तरी दंड माणसानेच भरायचा, हे तिथे कुणालाच विचित्र वाटत नाही.

होमरच्याच दुसऱ्या महाकाव्याच्या, ‘ओडिसी’च्या, सुरुवातीला झ्यूस उलटी तक्रार करतो: माणसं उगाच आम्हाला बोल लावतात. अगामेम्नॉनचा पुढे खून करणाऱ्या एजिस्थसला देवदूत हर्मीसने बजावलं होतं की अगामेम्नॉनला मारू नकोस, त्याचा मुलगा ओरेस्टीस सूड घेईल. त्याने ऐकलं नाही. हा सरळ धुडकावलेला सल्ला.

खरा पेच ‘इलियड’मधल्या पँडारसचा, ट्रॉयच्या बाजूच्या धनुर्धराचा. चौथ्या सर्गात अथेना लाओडोकस या ट्रॉयच्या योद्ध्याच्या रूपात येऊन त्याला अगामेम्नॉनचा भाऊ मेनेलाउस याच्यावर बाण सोडायला भरीस घालते आणि दोन्ही सैन्यांतला तह मोडतो. समोर देवता आहे हे त्याला ठाऊक नाही, पण बक्षिसाच्या आशेने धनुष्य तोच उचलतो. कवी त्याला मूर्खच म्हणतो. पुढच्या सर्गात ग्रीक योद्धा डायोमिडीस याच्या भाल्याने तो मरतो, आणि तो भाला नेमका त्याच्या तोंडावर नेते तीच अथेना.