माईक का किंचाळतो?

मंडपात बोलता बोलता वक्ता कर्ण्यासमोर येतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. ती माईकने सुरू केली की कर्ण्याने? माईकमध्ये शिरलेला आवाज ॲम्प्लिफायर मोठा करतो, कर्णा तो बाहेर टाकतो, त्यातला काही अंश पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि पुन्हा मोठा होतो. म्हणजे एका फेरीतले कार्य पुढच्या फेरीत कारण होऊन बसते.

‘अ’ सिद्ध करण्यासाठी ‘ब’ आणि ‘ब’ सिद्ध करण्यासाठी ‘अ’ घेतला, तर तर्कशास्त्रात तो अन्योन्याश्रय दोष ठरतो. मात्र हा दोष युक्तिवादाचा आहे. निसर्गात प्रत्येक फेरीला वेळ लागतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, त्यामुळे 3.4 मीटरवरच्या कर्ण्यातून माईकपर्यंत यायला त्याला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. परतलेला आवाज हा मूळ आवाज नसून त्याचा वंशज असतो. आधी बीज की आधी झाड, हा वादही मला याच कारणाने फोल वाटतो. झाडाला लागलेले बीज हे ते ज्यातून उगवले ते बीज नसतेच.

खरा प्रश्न, फेरी पुरी झाल्यावर किती परत येते, हा आहे. 100 चे 110 होत असतील, तर दहा फेऱ्यांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात, आवाज अडीचपटीहून मोठा होतो आणि ॲम्प्लिफायरची ताकद संपेपर्यंत वाढतच राहतो. 100 चे 90 होत असतील, तर तेवढ्याच वेळात तो सुमारे एक तृतीयांशावर येतो. म्हणूनच साऊंडवाल्याने बटण जरासे मागे फिरवले तरी शिट्टी विरते.

काही वर्तुळांत बदल उलटा होऊन परततो. जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला बसवलेल्या गतिनियंत्रकात दोन जड गोळे फिरत. वेग वाढला की ते बाहेर फाकत, वाफेची झडप आवळली जाई आणि वेग उतरे. तरीही काही इंजिने एका वेगावर स्थिर न राहता हेलकावत. त्यामागचे गणित भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी 1868 मध्ये तपासले.

गीझरखाली अंघोळ करणाऱ्याला हा हेलकावा ठाऊक असतो: पाणी गार म्हणून तो नळ फिरवतो, गरम पाणी पाइपातून येईपर्यंत धीर न धरता आणखी फिरवतो, मग चटका बसून उलटा फिरवतो आणि पुन्हा कुडकुडतो.