सूक्ष्मसुयांच्या पट्टीचा साचा : वापरण्याआधी वाचा

सूक्ष्मसुयांची पट्टी म्हणजे त्वचेवर चिकटवायची, विरघळणाऱ्या बारीक सुयांची औषधी पट्टी. साच्याच्या खड्ड्यांत औषधाचे द्रावण भरून, सुकवून ती बनवतात. औषधनिर्माण महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना आम्ही नाशिकच्या अंबडमधून सिलिकॉनचे साचे पुरवतो. जुलै-ऑगस्ट आला की फोन सुरू होतात : साचा चांगला आहे, पण सुया उभ्या राहत नाहीत. म्हणून हे पत्रक.

त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण औषधाला अडवतो तोच. बिनसुयांच्या साध्या पट्टीतून साधारण ५०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) छोटे रेणूच पार होतात. निकोटिन जाते, सुमारे ५,८०० डाल्टनचे इन्सुलिन अडते. आमच्या साच्यातली ६०० मायक्रॉनची सुई हा थर ओलांडते, आतल्या ओलाव्यात खडीसाखरेसारखी विरघळते आणि औषध तिथेच सोडते. टोचणारा कचरा मागे उरत नाही. गांबियात लहान मुलांना गोवर-रुबेलाची लस अशाच पट्टीतून दिली गेली. त्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र सुयांत औषध मावते फार थोडे. ५०० मिलिग्रॅमची गोळी या पट्टीत बसवायचा विचार नको.

आता मूळ दुखणे. सिलिकॉनला पाणी धरत नाही. वरून ओतलेले द्रावण खड्ड्याच्या तोंडाशीच थांबते आणि टोकात हवा अडकते. साचा निर्वात करून ती हवा काढा किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवा. नुसते ओतून सोडलेत तर बोथट सुयाच मिळतील.

नंतर सुकवणे, आणि इथे घाई करू नका. निफाडकडे बेदाणा सावलीत, रॅकवर सुकवतात. उन्हात टाकला तर काळा पडतो. पट्टीचेही तसेच. ओव्हनमध्ये प्रथिनाचे औषध बिघडते, वरची साय आधी धरते आणि आत पाणी कोंडते. एप्रिलच्या कोरड्या हवेत उलटे होते : पट्टी तडकते, कडा वर उचलतात. पावसाळ्यात पीव्हीपी आणि हायल्युरॉनिक ॲसिड, म्हणजे ज्यांच्या सुया बनतात ते पदार्थ, हवेतले पाणी ओढून घेतात, सुया रबरासारख्या वाकतात. तेव्हा साचा डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. त्यातल्या ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलचा रंग रोज बघा, पालटला की जेल तापवून पुन्हा वापरा. तयार पट्टी लगेच ॲल्युमिनियमच्या पाकिटात बंद करा.

सुई पुरेशी कडक झाली का, हे पॅराफिल्मच्या (मेणासारख्या पातळ पट्टीच्या) आठ घड्यांवर दाबून पाहता येते. एक घडी सुमारे १२७ मायक्रॉनची. किती घड्यांत भोके पडली ते मोजा.

साचा धुताना ब्रश किंवा टाचणी लावू नका, टोके कायमची जातात. कोमट पाण्यात बुडवून ठेवा. अडकलेले सगळे पाण्यात विरघळणारेच आहे.