थेसिजर, अर्नेस्ट

(१५ जानेवारी १८७९ – १४ जानेवारी १९६१). इंग्रजी रंगभूमी व चित्रपटांतील चरित्र अभिनेता. जन्म लंडनचा, घराणे चेम्सफर्ड सरदारांचे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे आपल्या पाठ्यपुस्तकांत शिरलेला व्हाइसरॉय चेम्सफर्ड हा याचा चुलतभाऊ. स्लेड कलाशाळेत चित्रकला शिकून तो तिशीत, १९०९ साली नाटकांकडे वळला. पहिल्या महायुद्धात साधा शिपाई म्हणून फ्रान्सला गेला आणि हातांना जखमा घेऊन परतला. १९१५ च्या ‘अ लिटल बिट ऑफ फ्लफ’ या फार्समुळे त्याचे नाव झाले. या फार्सचे १,२०० हून अधिक प्रयोग झाले.

काटकुळा देह, टोकदार नाक, ताठ मान, लांबसडक बोटे आणि अनुनासिक, कोरडा आवाज एवढे त्याचे भांडवल. ते रंगभूषेखाली लपवण्याच्या भानगडीत तो सहसा पडला नाही. जॉर्ज बर्नार्ड शॉच्या, जोन ऑफ आर्कवरील ‘सेंट जोन’ या नाटकाच्या लंडनमधील पहिल्या निर्मितीत (१९२४) त्याने डॉफिन, म्हणजे फ्रान्सचा युवराज, रंगवला. रडतराऊत घोड्यावर बसवावा तसा जोनने गादीवर बसवलेला हा युवराज त्याच्या देहयष्टीला नेमका शोभला.

चित्रपटात त्याची खरी पारख दिग्दर्शक जेम्स व्हेलला होती. ‘द ओल्ड डार्क हाउस’मध्ये (१९३२) बहीण ही फुले रचायलाच निघाली होती असे पाहुण्यांना अदबीने सांगत तो ती सरळ चुलाण्यात फेकतो. ‘ब्राइड ऑफ फ्रँकनस्टाइन’मधला (१९३५) त्याचा डॉ. प्रिटोरियस जिन ही दारू पुढे करताना हा आपला एकमेव दुर्गुण असल्याचे सांगतो. पुढे सिगारबद्दलही तेच. दोन्ही वेळा चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही, म्हणून हसू येते आणि अंगावर काटाही.

ही शैली मिठासारखी, बेतानेच पडायला हवी. ‘थिंग्ज टू कम’मध्ये (१९३६) त्याचे प्रसंग चित्रित होऊनही पसंत पडले नाहीत, ते सेड्रिक हार्डविकला घेऊन पुन्हा चित्रित केले गेले. उलट ‘द मॅन इन द व्हाइट सूट’मधला (१९५१) धापा टाकणारा म्हातारा कापड-उद्योगपती थोडाच वेळ दिसतो, पण त्याच्यापुढे बाकीचे गिरणीमालक पोरसवदा वाटतात.

भरतकामात तो पक्का वाकबगार होता. जायबंदी सैनिकांना या कामातून मिळकत मिळवून देणाऱ्या संस्थेसाठी तो राबला आणि १९४१ मध्ये या कलेवर त्याने पुस्तकही लिहिले. १९६० साली त्याला सीबीई (कमांडर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर) हा किताब मिळाला.