सुपर 150 हा आकडा टिकाऊपणाचा नाही

लग्नसराई आली की जळगाव-धुळ्याकडे नवरदेवाला हमखास ऐकवतात: मोठ्या लेबलचा, सुपर 150 कापडाचा सूट घे, जन्मभर जाईल. हे खरं नाही. सुपरचा आकडा फक्त लोकरीच्या तंतूची बारीकी सांगतो. सुपर 100 मध्ये तंतू जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, सुपर 150 मध्ये 16.25. आकडा वाढला की कापड मऊ होतं, पण नाजूकही. कोपरावर, मांडीवर लवकर झिजतं.

कोट किती वर्षं जाईल हे बरंचसं आतल्या थरावर असतं. खालच्या काजाजवळ वरचं कापड आणि अस्तर चिमटीत धरून अलगद वेगळं करा. मध्ये तिसरा थर सुटा लागला, तर तो कॅनव्हास, म्हणजे न चिकटवता शिवून बसवलेला. नाही लागला, तर बहुधा तो गोंदाने चिकटवलेला आहे, म्हणजे फ्यूजिंग. हलक्या फ्यूजिंगला ड्रायक्लीन करून करून छातीवर फुगे येतात. महागड्या लेबलांतही फ्यूजिंग असतं, म्हणून चिमटीने बघाच.

शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास. माझं ऐकाल तर सुपर 100 घ्या, अर्धंच अस्तर लावा आणि वाचलेले पैसे चांगल्या टेलरला द्या. खांदा एकदा चुकला की नंतर दुरुस्त करणं फार अवघड जातं.